नऊचा आकडा

त्या हिवाळ्यात कोरूशमध्ये आमचा ट्रक
रोज सकाळी सात वाजता रिकामा निघायचा.

तिघांनाच ठाऊक होतं:
देओलिंदाबाईंना, कारण हुकूम त्यांचा;
ड्रायव्हर झेफेरिनोला,
कारण वळणावर गाडीचं ढुंगण नाचायचं;
आणि मला, कारण डिझेल कुठल्या खात्यात टाकू
हे मलाच ठरवायचं होतं.
मी ‘किरकोळ’ लिहिलं.
सत्तावीस वर्षांच्या कीर्दीत तेवढंच एक खोटं.

आमची पेढी बाटल्यांच्या बुचांची.
आधी बोर्दोहून पत्र आलं, मग ऱ्हाइनकाठहून:
यंदा नको.
बँकेतला गृहस्थ खुर्चीत रेलून म्हणाला, वाट बघू.
वाट बघायचा त्याला पगार होता.

रिकामा ट्रक भरल्यापेक्षा जास्त वाजतो.
चौकातल्या फरशीवर तर भांड्यांचं कपाट पडल्यासारखा.
पाववाली ग्रासिएत खिडकीतून ऐकायची
आणि आमच्या माणसांच्या वहीत
आणखी एक ओळ चढू द्यायची.
न्हाव्याने ‘विकणे आहे’ची पाटी उलटी करून ठेवली.
समोरचा वाल्देमार, आमचा जन्माचा प्रतिस्पर्धी,
जळफळला,
आणि चार दिवसांत त्याचाही भोंगा वाजू लागला.

मी बाईंना म्हणालो, ही फसवणूक आहे.
त्या नमुन्यांची पेटी भरत होत्या,
एकेक बूच कानापाशी दाबून बघत.
म्हणाल्या, “आर्मिंदो, तू सकाळी दुकानात दिवा लावतोस
तेव्हा आत गिऱ्हाईक असतं का?”

मला उत्तर सुचलं नाही. अजून नाही.
दिव्याचं तेल आपलं असतं.
ग्रासिएतच्या वहीतला पाव ग्रासिएतचा होता.

बाई पेटी घेऊन गेल्या. हॅम्बुर्ग, आर्हुस,
मग कुठलंसं गाव, जिथल्या प्रदर्शनात
शेजारच्या टेबलावर चपला होत्या.
सतरा दिवसांनी आल्या, आवाज बसलेला,
बुचाची एकही ऑर्डर नाही.
एका शाळेला भिंतीवर लावायचे फलक हवे होते, एकशे चाळीस.
एका मधवाल्याला बरण्यांची झाकणं.
चांगल्या दिवसांत आम्ही हसलो असतो अशा कामाला.
मी चलन लिहिलं, दोनदा तपासलं,
आणि शाई वाळेपर्यंत हात कागदावरून काढला नाही.

त्या सोमवारी ट्रक वळणावर नाचला नाही.
चौकात आवाज दबका.
ग्रासिएत पीठभरल्या हातांनी बाहेर धावली,
काय बिघडलं बघायला.

सगळं सावरलं असं मी म्हणणार नाही.
अकरा जण गेले, त्यातले चार लक्झेंबर्गला, ते तिथलेच झाले.
वही फिटायला तीन वर्षं लागली.
शेवटचा हप्ता देताना मी तिला खरं सांगून टाकलं.
ती नोटा मोजत राहिली.
“तीस वर्षं त्या रस्त्यावर राहते,” म्हणाली,
“भरला कोणता, रिकामा कोणता, मला कळत नाही होय?”

पण मला सांगायचं आहे त्याच वर्षीच्या जूनचं.
रानात साल उतरत होती.
बुचाच्या झाडाची साल एकदा काढली
की नऊ वर्षं हात लावायचा नाही.
म्हणून साल काढायची आणि साल लिहायचं:
सोललेल्या खोडावर, पांढऱ्या रंगात, शेवटचा आकडा.
माणसं कमी होती, ब्रश माझ्या हातात आला.

खोड लालसर, ओलं, नुकत्या दाढी केलेल्या गालासारखं.
मी एकसष्टचा. सवयीने बेरीज झाली: सत्तर.
पेढी असेल? बाटलीला बूच लावत असतील?
वाल्देमार तरी असेल का, भांडायला?

नऊ काढला.
रंग जास्त झाला, आकड्याचा पाय मुळांपर्यंत ओघळला.
“ही नोंद कुठल्या खात्यात?” मी विचारलं.
बाईंनी हनुवटीने पुढचं झाड दाखवलं.